दोनशे रुपये दंड

'समाजस्वास्थ्य' नावाचे एक छोटे मासिक मुंबईहून निघत असे. त्यात वाचकांनी पाठवलेले प्रश्न छापले जात आणि त्याखाली संपादकांचे उत्तर. उत्तरे थोडक्यात, कोरडी, गणिताच्या मास्तरांनी वहीच्या समासात शेरा मारावा तशी. प्रश्न मात्र कोरडे नसत. जे बापाला विचारता येत नाही, घरच्या डॉक्टरांपुढे तोंडातून निघत नाही, गुरुजींना किंवा मौलवीसाहेबांना विचारले तर उत्तराच्या आधी कानशिलात बसेल, असे ते प्रश्न. डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या प्रश्नोत्तरांत हस्तमैथुनाचा विषय होता आणि समलिंगी संबंधांचाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये संपादकांना अटक झाली. आरोप अश्लीलतेचा.

संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. संततिनियमनाचा उघड प्रचार करू लागले आणि ती प्राध्यापकी सुटली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ च्या जुलैपासून मासिक काढले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते पदरमोड करून चालवले. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर ते इतकी वर्षे चालले नसते. एक खटला त्यांच्यावर आधीच, १९३१ मध्ये झाला होता आणि त्यात शंभर रुपये दंडही झाला होता. म्हणजे हा दुसरा. कर्व्यांना विद्वत्तेचे कौतुक पुष्कळांनी ऐकवले. जवळ येऊन उभे राहणारे थोडे. अशा वेळी त्यांचे वकीलपत्र कोणी घ्यावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

मित्रहो, १९३४ सालचे आंबेडकर डोळ्यांसमोर आणा. गोलमेज परिषदा आटोपलेल्या, पुणे कराराला दीड वर्ष झालेले, डोक्यावर एका सबंध समाजाचे ओझे. या खटल्यात ना त्यांच्या समाजाचा प्रश्न होता, ना राजकारणाचा फायदा. उलट विरोधकांच्या हाती आयते कोलीत. तरी ते कोर्टात उभे राहिले. का राहिले याचे उत्तर मी माझ्यापुरते असे देतो, की ज्याला प्रश्न विचारण्याचीच बंदी आहे तो माणूस त्यांना लांबून ओळखू येत होता.

या खटल्याचा वृत्तान्त य. दि. फडके यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे मराठी वाचकांपुढे आला. पुढे २०१७ मध्ये अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी बसवलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अनेकांनी पाहिले असेल. न्यायाधीशांचा मुद्दा साधा होता: असले विकृत प्रश्न छापायचे कशाला, आणि आलेच तरी उत्तर कशाला द्यायचे? बाबासाहेबांचे म्हणणे असे, की या मासिकाचा विषयच कामजीवनाचे शिक्षण हा आहे. वाचक त्याच विषयावर प्रश्न विचारणार. उत्तर देऊ नका म्हणणे म्हणजे मासिक बंद करा म्हणणे. प्रश्नात विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, गप्प बसून कशी जाणार? समलिंगी आकर्षणाच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा आधार घेतला आणि सांगितले, की ज्यांच्या ठायी अशी ओढ उपजतच आहे त्यांचे काही चुकले असे मानण्याचे कारण नाही. आपल्या परीने सुखी होण्याचा त्यांना अधिकार आहे.

एप्रिल १९३४. मुंबईचे न्यायालय. हा सालमहिना मी मुद्दाम सांगतो आहे. हे सगळे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, टीव्हीने आणि इंटरनेटने आणले आहे, असे म्हणणारे गृहस्थ प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक वाड्यात भेटतात, त्यांच्यासाठी. आमच्याकडे टीव्ही यायच्या कितीतरी आधी एका मराठी मासिकाकडे हा प्रश्न पोस्टाने आला होता.

खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती आणि कर्व्यांच्या खिशाला तर नव्हतीच. पण मला त्या दोनशे रुपयांपेक्षा पत्र पाठवणाऱ्याची आठवण जास्त येते. त्याचे नाव इतिहासात नाही. त्याने हिंमत करून पाकीट टपालपेटीत टाकले असेल, उत्तर छापून आल्यावर ते वाचले असेल, आणि मग काही आठवड्यांनी उत्तर देणाऱ्याला पोलिसांनी नेल्याचे त्याच्या कानावर गेले असेल. शिक्षा कर्व्यांना झाली. धडा त्याला मिळाला, आणि त्याच्यासारख्या ज्यांनी अजून पत्र टाकले नव्हते त्यांना.

आता तो 'विकृत' शब्द. न्यायाधीशांच्या तोंडी तो इतक्या सहज आला, जणू तो या मातीत पहिल्यापासूनच उगवत होता. तसे नव्हते. मी मराठीत कविता लिहितो, पण ज्या घरात वाढलो तिथे उर्दू गझल कानावर पडे, आणि गझलेत माशूक पुल्लिंगी असतो हे आम्हाला व्याकरणाच्या आधी कळले होते. फारसीत लिंगभेदच नाही म्हणून तशी रीत पडली, असे एक स्पष्टीकरण देतात. काही अंशी ते खरे आहे. पण सगळीकडे ते पुरत नाही. आमच्याच मराठवाड्यातले उदाहरण घ्या. वलीनंतर दखनी-उर्दू गझलेत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते सिराज औरंगाबादी. जन्म १७१५ च्या सुमाराचा, तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. तरुणपणी त्यांना प्रेमाचे वेड लागले. खुलताबादेत हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यापाशी ते रात्रीच्या रात्री बेभान होऊन काढत. त्यांनी १७४७ मध्ये 'बोस्ताने-खयाल' ही मसनवी लिहिली. त्यात एका तरुणावर जडलेल्या प्रेमाची आणि ताटातुटीची कहाणी आहे, आणि ती स्वतःच्या तोंडून सांगितलेली आहे. व्याकरणाची सोय म्हणून कोणी एवढी मोठी मसनवी लिहीत नाही.

सिराजना या कवितेसाठी कोणी तुरुंगात टाकले नाही. ते सूफी म्हणून मान पावले.

याचा अर्थ जुन्या काळी सगळे गोडीगुलाबीने चालले होते असा नव्हे. आजकाल काही उत्साही मंडळी खजुराहो, कामसूत्र आणि उर्दू दिवाण यांची एकत्र मोळी बांधून आपला भूतकाळ किती उदार होता हे सांगतात. मला ते पटत नाही. त्या काव्यातला आशिक पुष्कळदा सरंजामदार आहे आणि माशूक नोकर, शागीर्द किंवा बाजारातला कोवळा पोरगा. तिथे बरोबरी नाही, त्या पोराला 'नाही' म्हणायची मुभा होती की नाही हे कवितेत कोठे येत नाही, आणि बायकांचा आवाज तर पडद्याआड. प्रेम करण्याचा हक्क हा शब्दप्रयोग त्या जगात कोणाला कळला नसता. पण एक गोष्ट तिथे नक्की नव्हती. हे प्रेम करणारा म्हणजे एक वेगळ्या जातीचा गुन्हेगार, ही कल्पना.

ती कायद्याबरोबर आली. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडविधानाचा मसुदा केला, १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यात ३७७ वे कलम होते: निसर्गक्रमाविरुद्ध संभोग करील त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. मुळात ही इंग्लंडातल्या आठव्या हेन्री राजाच्या १५३३ सालच्या कायद्याची नात. गंमत पाहा, इकडे इंग्रज आपल्यासाठी हे कलम शिवत होते, आणि तिकडे उस्मानी तुर्कांच्या राज्यात, म्हणजे खलिफांच्या राज्यात, १८५८ मध्ये फ्रेंच धर्तीवर नवे दंडविधान आले. त्यात दोन प्रौढांनी राजीखुशीने चार भिंतींआड केलेल्या अशा गोष्टीला गुन्हा ठरवलेले नव्हते. 'तुमच्या धर्मात काय सांगितले आहे?' असे मला विचारले जाते. मी मुफ्ती नाही, कवी आहे. पापपुण्याचा हिशेब ठेवणारे माझ्याहून जाणते लोक आहेत. पण पाप आणि दखलपात्र गुन्हा या दोन वेगळ्या वह्या आहेत आणि दुसरी वही आपल्या दारात इंग्रजाने आणली, एवढे इतिहासावरून सांगता येते.

कायदा आला की शरम मागोमाग येते. १८९३ मध्ये मौलाना हालींनी उर्दू कवितेची झडती घेणारा आपला प्रसिद्ध 'मुकद्दमा' लिहिला. हाली थोर माणूस, विधवांच्या दुःखावर लिहिणारा, स्त्रीशिक्षणाचा कैवारी. पण माशूकाच्या गालावरची लव आणि त्याची पगडी त्यांना गझलेतून काढून टाकायची होती. आपल्या वाङ्मयाकडे साहेबाच्या चष्म्यातून पाहायला आमच्या सुधारकांनी तेव्हा सुरुवात केली. हिंदू सुधारकांनीही तेच केले, त्यात काही भेद नाही. चाळीस वर्षांनी मुंबईच्या न्यायाधीशांच्या तोंडी आलेला शब्द अशा वाटेने आला होता.

कर्व्यांच्या खटल्यानंतर दहा वर्षांनी मुंबईतच राहणाऱ्या एका लेखिकेच्या दारात पोलीस समन्स घेऊन आले. इस्मत चुगताई. 'लिहाफ' ही त्यांची कथा १९४२ मध्ये लाहोरच्या 'अदबे-लतीफ' मासिकात आली होती. समन्स आले १९४४ च्या डिसेंबरात, तेव्हा पदरात तान्ही मुलगी. त्याच कोर्टात, त्याच सुमारास सआदत हसन मंटोंनाही त्यांच्या 'बू' कथेसाठी बोलावणे होते. दोघे मुंबईहून लाहोरला गेले. इस्मतआपांनी ती सगळी हकिकत पुढे आत्मचरित्रात लिहिली आहे आणि ती वाचताना हसू आवरत नाही. सरकारी साक्षीदारांना कथेतला एकही अश्लील शब्द दाखवता येईना. शेवटी एकाला 'आशिक' या शब्दावर बोट ठेवावे लागले, आणि तो भल्या घरच्या मुलींच्या संदर्भात वापरला हे वाईट, असे त्याचे म्हणणे पडले. इस्मतआपा निर्दोष सुटल्या. कर्वे दंड भरून बाहेर पडले, कारण त्यांनी गोष्ट तिच्या नावाने सांगितली होती. इस्मतआपा सुटल्या, कारण त्यांनी रजईच्या हलणाऱ्या सावलीपलीकडे काही दाखवलेच नव्हते. गप्प बसण्याला बक्षीस आणि बोलण्याला दंड, असा तो हिशेब दोन निकाल शेजारी ठेवले की दिसतो.

'लिहाफ' बहुतेकांना बेगमजान आणि तिची मोलकरीण रब्बू यांची कथा म्हणून ठाऊक आहे. सांगणारी लहान मुलगी आहे, तिला रात्री भीती वाटते, आणि बेगमजानचे त्या मुलीशी वागणेही निर्मळ नाही. तेव्हा या कथेला समलिंगी प्रेमाची कैफियत म्हणणे मला जड जाते. पण तिची सुरुवात लोक विसरतात. बेगमजानचे लग्न एका नवाबाशी लावून दिले आहे. नवाब मोठे सज्जन, हज करून आलेले, बाईच्या वाऱ्यालाही न उभे राहणारे. त्यांना आवड गोऱ्या, सडपातळ तरुण मुलांची. त्यांनी बायको घरात आणली आणि सामानाबरोबर ठेवून दिली. कथेची सगळी शोकांतिका इथून सुरू होते.

आपल्याकडे आजही मुलगा आईला काही सांगायला धजला की पहिला उपाय ठरलेला असतो. लग्न लावून द्या, सुधारेल. निकाहाचे छुहारे वाटा नाहीतर अक्षता टाका, उपाय एकच. या उपायात तिसऱ्या घरची एक मुलगी असते, तिला कोणी विचारत नाही. तिने काय पाप केले? तिच्या बापाने कर्ज काढून लग्न लावलेले असते, आणि ती वर्षानुवर्षे आपल्यातच काही कमी आहे असे समजून झुरत राहते. ज्यांना समलिंगी मुलांविषयी काडीचे प्रेम नाही त्यांनीही निदान या मुलींसाठी विचार करावा. इस्मतआपांनी नंतर सांगितलेला एक प्रसंग आहे. जिच्यावरून कथा सुचली ती बेगम त्यांना पुढे अलीगढला एका समारंभात भेटली. आता ही रागावणार म्हणून त्या घाबरल्या होत्या. पण नवाबाला सोडून बेगमेने दुसरे लग्न केले होते, तिला मुलगा झाला होता, आणि ती यांच्यावर खूश होती. कोर्टाने निर्दोष सोडल्यापेक्षा या भेटीचा आनंद त्यांना मोठा वाटला असावा, असे ते पान वाचताना वाटते.

अलीगढचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती मला सर्वांत जवळची आहे. 'मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?' या प्रश्नाची मला सवय झाली आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांना उलटा प्रश्न पडत असेल: मराठी माणूस अलीगढला कसा? ते नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते वीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवत होते आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. सिरस यांच्यासोबत एक सायकलरिक्षावाला होता. दोघांचे चित्रण झाले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने सिरस यांना गैरवर्तनाबद्दल निलंबित केले आणि राहते घर सोडायला सांगितले. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली. लक्षात घ्या, या घटनेच्या सात महिने आधी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने दोन प्रौढांच्या खासगी संबंधांपुरते ३७७ कलम रद्दबातल ठरवले होते. म्हणजे सिरस यांनी कायद्याने कोणताच गुन्हा केलेला नव्हता. गुन्हा घरात घुसणाऱ्यांचा होता. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि शिक्षक झाला तरी त्याच्या खासगी आयुष्याचा नोकरीशी संबंध नसेल तर त्याला गैरवर्तन म्हणता येत नाही, अशा आशयाचे मत नोंदवले. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. त्यांच्या मृत्यूचा तपास कोणत्याही टोकाला गेला नाही. हन्सल मेहतांचा 'अलीगढ' चित्रपट २०१६ मध्ये देशभर प्रदर्शित झाला आणि मनोज वाजपेयींनी ते एकाकीपण पडद्यावर आणले. त्या रिक्षावाल्यावर मात्र कोणी चित्रपट काढणार नाही.

हे एकट्या अलीगढचे नाही. आपल्या पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या विद्यापीठांत असे घडले नसते असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मला त्या आठवड्यातले वसतिगृह दिसते. एकोणीस-वीस वर्षांचा एखादा मुलगा, एखादी मुलगी मेसमध्ये जेवताना बाकीच्यांच्या टवाळ्या ऐकत असेल आणि हसण्यात हसू मिसळत असेल. 'समाजस्वास्थ्य'ला पत्र पाठवणाऱ्याला १९३४ मध्ये जो धडा मिळाला तोच शहात्तर वर्षांनी याला.

कायद्याची पुढची चढउतार बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. दिल्लीचा तो निकाल ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. त्या प्रकरणातल्या पक्षकारांची यादी एकदा वाचण्यासारखी आहे. सुरेशकुमार कौशल नावाचे ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती मंडळींच्या संघटना आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. एरवी जे एका सतरंजीवर बसणार नाहीत ते इथे एका बाकावर. सर्वधर्मसमभावाचे हे रूप गांधीजींच्या मनात खचितच नसावे. असे लोक अगदी थोडे आहेत, दीडशे वर्षांत दोनशेसुद्धा खटले झाले नाहीत, असेही निकालात म्हटले गेले. जणू भीतीचा आकडा खटल्यांवरून काढता येतो. लगेच पुढच्या वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला. मग ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून बाहेर काढले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले, की या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने माफी मागायला हवी. कुटुंबांचीही. तो शब्द त्यांनी घातला याचे मला फार बरे वाटले. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलमच नाही. त्यामुळे पुरुषावर होणाऱ्या बलात्काराला लावायचे कलमही गेले, हा निष्काळजीपणा निराळा.

कलम गेले. घरातले बोलणे तिथेच आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सर्वोच्च न्यायालय लांब असते, बाप समोर असतो. दरम्यान प्रश्नाला उत्तर देण्याचे कर्व्यांचे काम कोणी पुढे चालवलेच नाही असे नाही. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढले, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केली, हेल्पलाइन चालवली, साध्या मराठीत पुस्तके लिहिली. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला आपल्याविषयी आपल्या भाषेत चार सरळ वाक्ये वाचायला मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे इंग्रजी वाचणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्या बोलीत या मुलांसाठी जे शब्द आहेत ते बहुतेक शिव्याच आहेत. मुलाने स्वतःची ओळख शिवी वापरून सांगायची का?

मद्रास उच्च न्यायालयात २०२१ मध्ये एक प्रकरण आले. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींवर प्रेम करीत होत्या. घरच्यांनी विरोध केला म्हणून चेन्नईला निघून आल्या. आईबापांनी हरवल्याची तक्रार दिली, पोलीस मागे लागले, म्हणून त्यांनी संरक्षण मागितले. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे ते प्रकरण होते. त्यांनी मुलींना आणि आईबापांना समुपदेशकाकडे पाठवले. नंतर एक वेगळेच केले. आपल्यालाही या विषयातले पुरेसे कळत नाही, असे त्यांनी उघड मान्य केले, आणि स्वतः मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेऊन समजून घ्यायला गेले. ७ जून २०२१ चा त्यांचा आदेश हे सगळे सांगून मग मुद्द्यावर येतो. प्रौढ मुले आपखुशीने एकत्र राहत आहेत असे दिसले तर पोलिसांनी हरवल्याची तक्रार बंद करावी, त्यांना त्रास देऊ नये. या मुलांना 'बरे' करण्याच्या नावाखाली जे उपचार चालतात ते थांबावेत, करणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई व्हावी. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार नाही असे १९९० मध्येच सांगितले होते. आपल्याकडे विजेचे झटके देणारे आणि ताईत बांधणारे त्यानंतरही दुकान लावून बसलेच.

१९३४ च्या न्यायाधीशांनी विचारले होते, असल्या प्रश्नांना उत्तर कशाला द्यायचे? २०२१ च्या न्यायमूर्तींनी उत्तर कोणाकडे मिळेल ते शोधले. मधे सत्याऐंशी वर्षे गेली.

आणि आईबाप? तेही आता विचारू लागले आहेत. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा एक गट आहे. आपले मूल समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर आहे हे कळल्यावर कोसळलेले, रडलेले, देवाला आणि स्वतःला दोष दिलेले, आणि मग मुलाच्या बाजूला येऊन उभे राहिलेले आईबाप त्यात आहेत. समलिंगी विवाहाच्या मान्यतेची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात चालू असताना, एप्रिल २०२३ मध्ये, चारशेच्या वर पालकांच्या वतीने सरन्यायाधीशांना पत्र गेले. आम्ही म्हातारे होत चाललो, काहीजण ऐंशीच्या घरात जातील, डोळे मिटायच्या आधी मुलांचे लग्न कायद्याने लागलेले पाहावे एवढीच इच्छा आहे, असे त्यात होते. 'समाजस्वास्थ्य'च्या वाचकाला आपला प्रश्न लपवून विचारावा लागला होता. या पालकांनी तो देशाच्या सरन्यायाधीशांना उघड विचारला.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, तो द्यायचा की नाही हे संसदेने ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले.